आकाशाच्या छायाचित्राची उलटतपासणी

आकाशाचे छायाचित्र समोर आले की आपल्याकडचा सामान्य माणूस ठरावीक प्रश्न विचारतो. हा रंग खरा की मागाहून भरलेला? डोळ्याला हे असेच दिसेल काय? कोणी काढले, कोठून काढले? आणि ती बारीक रेघ आकाशात होती की काचेवरचा ओरखडा? वरळीचे नेहरू तारांगण १९७७ साली उघडले. पण हे प्रश्न त्याहून पुष्कळच जुने आहेत. गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवर कोणी दुर्बीण मांडली, दादरला कोणी पडद्यावर चित्रे दाखविली, की ते हटकून येतात. व्यासपीठावरच्या विद्वानाला ते पोरकट वाटतात व तो हसून पुढे जातो.

आम्हांला ते पोरकट वाटत नाहीत. जुन्या मोडी कागदाला इतिहासाचा अभ्यासक दुसरे काय विचारतो? लिहिणारा कोण, तारीख कोणती, कागद अस्सल की नक्कल, आणि लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले? राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो १८९८ साली, आणि बखरीवर भिस्त ठेवू नका, अस्सल पत्र पाहा, असा धाक आमच्या इतिहासाला तेव्हापासून बसला. योगायोग असा की त्याच वर्षी महाराष्ट्राच्या आकाशाचीही अस्सल पत्रे लिहिली गेली होती. ती काचेवर होती. कागदपत्रांसाठी आपण गावोगाव वणवण केली; या काचांची मात्र बखरच ऐकत बसलो.

तारीख २२ जानेवारी १८९८, वार शनिवार, पौषातली अमावास्या. त्या दिवशी दुपारी चंद्राची गडद सावली कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी चढली आणि घाट ओलांडून, करमाळ्याकडच्या जेऊरवरून, वऱ्हाड-नागपूर मागे टाकून थेट बिहारातल्या बक्सरपर्यंत गेली. पूर्ण अंधार कोठेही दोन मिनिटांहून फारसा अधिक नव्हता. मुंबईला ग्रहण खंडग्रासच होते. बिंबाचा बराचसा भाग झाकला, पण उरलेली कोर शिल्लक राहिली, आणि तेवढी कोर प्रभामंडळ लपवायला पुरते.

काळ कसा होता, तेही लक्षात घ्यावे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग उघडकीस आला होता, आणि दीड वर्षाने तो मुंबईच्या उरावर तसाच बसला होता. हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी बंगल्यात जायला अजून वर्षभर अवकाश होता. पुण्यात रँडच्या खुनाचे प्रकरण पेटलेले. ‘ओरायन’ लिहून मृगनक्षत्रावरून वेदांचा काळ मोजणारे टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत होते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा तर तीनच महिन्यांत अंत व्हायचा होता. अशा दिवसांत विलायतेहून, अमेरिकेहून, जपानहून ज्योतिषी पेट्या भरभरून आले आणि महाराष्ट्रातल्या ज्या गावांची नावे मुंबईकरालाही धड ठाऊक नव्हती, तेथे त्यांनी तंबू ठोकले. हे सारे कशासाठी? दोन मिनिटांच्या छायाचित्रांसाठी.

विजयदुर्गावर आले सर नॉर्मन लॉकियर. मेलपोमीनी नावाच्या लढाऊ जहाजाचे शेकडाभर खलाशी त्यांच्या दिमतीला होते. काहींच्या हाती कॅमेऱ्याच्या काचा दिल्या, काही सेकंद मोजायला बसविले, आणि काहींना प्रभामंडळाचे चित्र हाताने काढायची तालीम दिली. किल्ल्यात दुर्बिणींसाठी बांधलेल्या ओट्यांना लोक ‘साहेबांचे ओटे’ म्हणतात. या ओट्यांभोवती एक दंतकथा रुजली आहे. हेलियम या मूलद्रव्याचा शोध १८६८ साली लॉकियर यांनी याच किल्ल्यावरून लावला, असे आजही अभिमानाने सांगितले जाते.

आता हौशी माणसाचा साधा प्रश्न येथे लावून पाहावा: त्या दिवशी लॉकियर होते कोठे? १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण झाले तेव्हा ते इंग्लंडातच होते. फ्रेंच ज्योतिषी यान्सेन गुंटूरला होते, मेजर टेनंटही तेथेच, पॉग्सन मच्छलीपट्टणला, आणि आमच्या पटवर्धनांच्या जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. लॉकियर यांनी सूर्याच्या कडेवरची ती पिवळी रेषा पाहिली ती २० ऑक्टोबरला, इंग्लंडातून आणि ग्रहण नसताना. ते ग्रहण पाहायला हिंदुस्थानात पहिल्याने आले १८७१ साली, तेही केरळच्या किनाऱ्यावर बेकलला. विजयदुर्गाला आले १८९८ साली. तोवर रॅमसे यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून काढून बाटलीत भरला होता. सापडलेली वस्तू तीन वर्षांनी पुन्हा कशी सापडणार?

कोणी विचारील, १८६८ च्या ग्रहणाची छायाचित्रे निघालीच होती ना, त्यांत पाहून घ्यावे. प्रश्न फार चांगला आहे. टेनंट यांच्या पथकाने गुंटूरला खरोखरच छायाचित्रे घेतली होती. पण त्या काळची काच म्हणजे कोलोडियनची ओली काच. ऐन वेळी रसायन चढवायचे, ओली असतानाच उघडायची व तशीच धुवायची. शिवाय ती निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागी आणि पिवळ्याला जवळजवळ आंधळी. हेलियमची रेषा पिवळी, सोडियमच्या जोडरेषांना खेटून बसलेली. म्हणजे त्या काचेवर ती उमटायची शक्यताच नव्हती. ती पाहिली ती माणसाच्या डोळ्यांनी, लोलकाच्या यंत्रातून. छायाचित्रात नाही म्हणून आकाशात नव्हते, असे म्हणता येत नाही. ही काच कोणत्या रंगाची साक्ष देऊ शकते, हे आधी विचारावे लागते. जेम्स वेब दुर्बिणीची २०२२ साली आलेली रंगीत चित्रे पाहून ‘रंग खरे का?’ म्हणून विचारणारा मुलगा नेमके हेच विचारतो. ती दुर्बीण मुख्यतः डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते; रंग मागाहून, ठरावीक क्रमाने, माणसांनी नेमून दिलेले असतात. त्यात फसवणूक नाही. पण ते सांगितले पाहिजे.

विजयदुर्गाचे खरे भूषण निराळेच आहे. चंद्र सूर्याला पुरता झाकतो त्या क्षणी, डोळ्याचे पाते लवावे इतक्या अवधीत, सूर्याच्या वातावरणाच्या पातळ थराचा वर्णपट झळकतो. भिंगापुढे लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनी तो तेथे काचेवर पकडला गेला. लॉकियर यांचे सहकारी फाउलर या कामात होते. हा वृत्तान्त ‘शोधा’इतका चटकदार नाही खरा, पण तो घडलेला आहे.

जेऊरला जाताना मात्र आमचे मन अधिक रेंगाळते, कारण तेथे आपला माणूस होता. प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत. ते कॉलेज तेव्हा भायखळ्याला, राणीच्या बागेसमोर होते. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनी ५००० रुपयांची देणगी मिळविली आणि तितकीच रक्कम मुंबई सरकारने घातली. कल्पना होती कॉलेजात वर्णपटाची प्रयोगशाळा काढण्याची. पुढे त्यांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली व बेत वाढून वेधशाळा उभी राहिली. १८८८ पासून ती काम करू लागली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची तिची २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. एवढी मोठी गोष्ट, पण पुण्यात आज कोणा वाटसरूला विचारून पाहा!

नेगमवाला नुसते यंत्रे राखणारे नव्हते. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे. ती मॅग्नेशियमची, असे लॉकियर यांचे ठाम मत, आणि त्यावर त्यांनी उल्कांपासून तारे बनतात असा मोठा सिद्धान्त रचलेला. मॅग्नेशियमची असती तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी होती. पुण्याच्या या प्राध्यापकाने १८९१ च्या सुमारास स्वतः दुर्बीण लावून पाहिले. त्यांना ती रेषा बारीक व रेखीव दिसली, आणि तसे त्यांनी विलायतेला छापून कळविले. त्या रेषेचा उलगडा १९२७ साली बोवेन यांनी केला: ती ऑक्सिजनची निघाली. ज्या लॉकियर यांच्या नावाची दंतकथा आपण जपली, त्यांना रोकडा प्रश्न विचारणारा माणूस आपल्यातच होता, आणि तोच आपण विसरलो.

१८९८ च्या जानेवारीत नेगमवाला जेऊरला गेले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पुणे–सोलापूर मार्गावरचे ते स्टेशन. मुंबईहून एका गाडीच्या प्रवासाचे. शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पत्नीसह उतरले होते, जपानी पथकही होते. कॅम्पबेल यांचा कॅमेरा ४० फूट लांबीचा: भिंग वर उंचावर, काच खाली, आणि सूर्य सरकेल तशी घड्याळाच्या यंत्राने काच सरकायची. त्यावर सूर्याचे बिंब सुमारे साडेचार इंचांचे येई. नेगमवाला यांनी प्रभामंडळाची व त्या झळकत्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि १९०२ मध्ये आपला अहवाल छापून प्रसिद्ध केला. अस्सल पत्रासारखा तो आहे. कोणते यंत्र होते आणि कोणती काच कोणत्या क्षणी उघडली, हे अशा अहवालात नोंदलेले असते. हौशी माणसाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली!

आणि हौशी माणसे तरी त्या दिवशी कोठे होती? ती होती वऱ्हाडात, नागपूरच्या रेल्वेवरच्या तळणी गावी. ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी निरीक्षकांची संस्था. तिचे पथक तेथे उतरले होते. त्यात अॅनी माँडर नावाच्या बाई होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणनाचे काम करीत. १८९५ साली लग्न झाले, आणि विवाहित स्त्रीला नोकरीत ठेवायचे नाही या रिवाजामुळे नोकरी सुटली. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत स्त्रियांना तेव्हा प्रवेश नव्हता; त्यांना तो मिळाला १९१६ मध्ये. म्हणजे कागदोपत्री त्या केवळ हौशी. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग दीड इंचाचे आणि नाभीय अंतर ९ इंच. त्यावर सूर्याचे बिंब येणार जेमतेम २ मिलिमीटर! जेऊरच्या ४० फुटी नळीपुढे हे खेळणेच म्हणायचे.

पण त्याच खेळण्याने प्रभामंडळाचा तोवर न दिसलेला लांब किरण पकडला: सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे १४ पट, म्हणजे जवळपास १ कोटी किलोमीटर दूर गेलेला. कारण उघड आहे. लांब नळीत बिंब मोठे होते, तसा अंधुक प्रकाशही पसरून पातळ होतो. आखूड नळीत तोच प्रकाश एका ठिकाणी गोळा होतो. बाईंनी हा कॅमेरा मुळी आकाशगंगेच्या अंधुक प्रकाशासाठी घेतला होता. सूक्ष्म नक्षी पाहायची तर जेऊर, फिकट पसारा पाहायचा तर तळणी. आकाराने दिपून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आम्ही मुंबईकर तर मोठ्या वस्तूला पहिला नमस्कार करणारे.

आता शेवटचा तो ओरखड्याचा प्रश्न. एवढा लांब किरण खराच, की काचेचा दोष? याची परीक्षा साधी आहे: एकाच काचेवर विश्वासायचे नाही. दोष त्या एका काचेवरच असतो. आकाशातली वस्तू दुसऱ्या काचेवरही, त्याच जागी, उमटते. १८८२ साली इजिप्तमधल्या ग्रहणात शूस्टर यांच्या छायाचित्रावर सूर्याशेजारी एक रेघ आली होती. ती धूमकेतू निघाली. पाहणाऱ्यांनी तो डोळ्यांनीही पाहिला होता. ग्रहणाच्या मार्गावर गावोगाव तंबू ठोकण्यात हाही एक हेतू होता. विजयदुर्ग, जेऊर, पुलगाव, तळणी, नागपूरजवळची घोगली आणि पुढे उत्तरेतली ठाणी ही एकमेकांच्या साक्षीची होती.

मुंबईत छायाचित्रणाची विद्या नवी नव्हती. १८५४ मध्येच येथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती व डॉ. भाऊ दाजी तिच्यात होते. सावेदादा भाटवडेकर १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरच्या कुस्तीचे चलच्चित्र घेतात आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचे. माणसे टिपायला हात तयार होते. आकाश टिपायचे काम मात्र एका प्राध्यापकाच्या माथी राहिले, आणि म्हणून त्यांच्याबरोबरच ते संपले. १९१२ साली नेगमवाला निवृत्त होताच सरकारने पुण्याची वेधशाळा बंद केली आणि तिची यंत्रे दक्षिणेला कोडाईकनालला पाठविली.

तेथे त्या वेळी संचालक होते जॉन एव्हरशेड. तेही १८९८ मध्ये तळणीला त्याच हौशी पथकात होते, आणि ग्रहणाचा वर्णपट त्यांनी तेथून टिपला होता. पुढे सरकारी ज्योतिषी होऊन त्यांनी १९०९ मध्ये सूर्यावरच्या डागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूचा शोध लावला. कोडाईकनालला १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे काचेवर घेतली जात. तो शतकभराचा संग्रह आता संगणकावर चढविला आहे. लालबागच्या खोलीत बसूनही त्यातली एखादी काच उघडता येते, आणि ती कोणत्या दिवशी, किती वाजता उघडली, हे तिच्यावर पाहता येते.