भरती आली की पाखरं जातात कुठं?

भिवंडीहून ठाण्याला निघालं की कशेळीचा पूल लागतो. शाळेतल्या नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं या पुलावरून एस.टी.नं ये-जा केली. डाव्या-उजव्या हाताला खाडी, खाजण, कांदळवन आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. त्या चिखलात लाल काटकुळ्या पायांवर उभे असलेले शेकाटे मला रोज दिसत. त्यांचं नाव मात्र मला निवृत्तीनंतर कळलं. पक्षी बघायचा नाद म्हातारपणी लागला, त्याची ही गोष्ट.

आमची भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, अलीकडे गोदामं आठवतात. पण हे गाव मुळात खाडीचं. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराचा पाया या खाडीत घातला गेला. ती उल्हास नदीची खाडी. ठाण्याजवळ तिला दोन वाटा फुटतात. मोठी वाट घोडबंदरावरून वसईला जाते आणि दुसरी, अरुंद वाट दक्षिणेला ठाण्याच्या खाडीला मिळते. पाखरांच्या दृष्टीनं ही दुसरी वाट महत्त्वाची, कारण तिच्याच पुढच्या पात्रात रोहितांचं अभयारण्य आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारनं ठाणे खाडीतलं १६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केलं. त्यात निम्म्याहून थोडं अधिक कांदळवन आणि बाकीचं पाणी. २०२२ साली ते रामसर यादीतही आलं. गंमत अशी, की ज्यांच्यासाठी हे सगळं झालं ते रोहित इथले जुने रहिवासी नव्हेत. शिवडीच्या चिखलात त्यांचे मोठे थवे दिसू लागले ते १९९०च्या दशकात. शहराचं सांडपाणी खाडीत येत गेलं, गाळ साचला, त्यावर शेवाळ माजलं, आणि धाकट्या रोहिताचं तर तेच मुख्य अन्न. आपल्या घाणीवर कुणीतरी इतकं देखणं जगतं, हे कबूल करताना थोडं ओशाळायलाच होतं.

हे पाहुणे येतात ते बहुतेक गुजरातेतून. कच्छच्या रणात रोहित अंडी घालतात हे महाराव खेंगारजींनी १८९३ साली नोंदवलं होतं. पुढं १९४५ मध्ये सालिम अली तिथं उंटावरून गेले आणि त्यांनी त्या वसाहतीत पाच लाखांच्या आसपास पक्षी असावेत असा अंदाज केला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या त्याच संस्थेनं, २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. त्यांची नावं ठेवली हुमायून, मॅकॅन, लेस्टर, सालिम, खेंगारजी आणि नवी मुंबई. पाच नावं जुन्या पक्षीप्रेमींची आणि सहावं शहराचं. पावसाळ्याच्या तोंडावर ते गुजरातेत गेल्याचं नकाशावर दिसलं. खेंगारजींनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याचा दुवा सव्वाशे वर्षांनी असा जुळला.

पण माझा जीव रोहितांपेक्षा टिलव्यावर अधिक. चिमणीएवढा पक्षी, वजन जेमतेम अर्धा छटाक, आणि येतो उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून. पहिल्यांदा ऐरोलीहून होडीतून गेलो तेव्हा शेकडो टिलवे, चिखल्या, तुतवार चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखे चोची मारत होते. मी दुर्बिणीत गुंग. तेवढ्यात नावाडी म्हणाला, "मास्तर, आता काय बघताव? पानी भरलं का ही जातात कुठं, ते बघा!"

त्या एका वाक्यानं मला कामाला लावलं. चिखल हे पाखरांचं ताट. भरती आली की ते पाण्याखाली जातं. सहा तासांनी पुन्हा ओहोटी लागेपर्यंत त्यांना पाय टेकायला उथळ, मोकळी, निवांत जागा लागते. आखूड पायांच्या टिलव्याला तर फारच. ही जागा कांदळवनात मिळत नाही. ती मिळते मिठागरात.

मिठागरं आपल्या ठाणे जिल्ह्यात फार जुनी. १८८२च्या गॅझेटियरमध्ये त्यांची आणि खारबांध घालून खाडीकडून मिळवलेल्या जमिनींची वर्णनं आहेत. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका कोंड्यातून दुसऱ्यात आटवत न्यायचं, असं हिवाळ्यापासून मेपर्यंत चालतं. नेमके हेच पाखरांच्या मुक्कामाचे महिने! माणसानं मिठासाठी बांध घातले आणि पाखरांना आयती ओसरी मिळाली. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

अडचण इथंच आहे. अभयारण्याची हद्द ताटाभोवती आखली. ओसरी बरीचशी बाहेर राहिली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला बंदी केली, त्याचा फायदा झाला. पण मिठागरात झाड नसतं, त्यामुळे बघणाऱ्याला ती पडीक जमीन वाटते. २०२४ मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागरं धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचं ठरलं. घरं नकोत असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? माझंही घर भरावाच्या जमिनीवर आहे. त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरवर उतरत्या विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. कारणांवर बरीच चर्चा झाली. नेरूळच्या तळ्याचं पाणी कोंडलं गेलं होतं, तिथल्या रोहितांबद्दलही बोललं गेलं. ते तळं २०२५ मध्ये संवर्धन राखीव करायचा निर्णय झाला.

आमच्याकडे असा गाजावाजा झाला नाही. मुंबईची जकात चुकवायला भिवंडीच्या वेशीवर गोदामं उभी राहिली. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. माझ्या मामांचं खारातलं भाताचं शेत आता एका पत्र्याच्या शेडखाली आहे. ते विकताना मामांनी मला विचारलं होतं. मीच म्हणालो होतो, "मामा, देऊन टाका. खाऱ्या जमिनीत पिकतंय तरी काय?" तिथं हिवाळ्यात पाणी साचायचं आणि पाखरं उतरायची, हे मला तेव्हा दिसत होतं, त्याला काही किंमत असते हे ठाऊक नव्हतं.

गेल्या जानेवारीत भरतीची वेळ पंचांगात बघून मी मुद्दाम तिथं गेलो. शेडच्या मागं दोन वर्गखोल्यांएवढा तुकडा भराव न पडता राहिला आहे. त्यात घोटाभर पाणी होतं. एका पायावर उभे राहून, चोच पंखात खुपसून, अकरा शेकाटे झोपले होते. मालाच्या गाड्या मागं-पुढं होत होत्या. मी ओहोटी लागेपर्यंत थांबलो. मग एक जण उठला, मागोमाग बाकीचे, आणि सगळे कशेळीच्या दिशेनं गेले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)