बिघडलेल्या डेटाबेसमधून नोंदी परत काढण्याचा इतिहास

डेटाबेस बिघडला म्हणजे नोंदी नष्ट झाल्या असे बहुतेक वेळा नसते. नोंदी डिस्कवर असतात. त्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ही माहिती मात्र बिघडलेली असते. दुरुस्तीची सॉफ्टवेअर या फरकावरच उभी राहिली.

मोठ्या यंत्रांच्या काळात हा प्रश्न टेपने सोडवला. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या हिशेबासाठी उभारलेली आयबीएमची आयएमएस ही प्रणाली 1968 मध्ये सुरू झाली. तिच्यात डेटाबेसमधला प्रत्येक बदल टेपवरच्या वेगळ्या लॉगमध्ये टिपला जाई. डिस्क गेली तर जुना बॅकअप चढवायचा आणि त्यानंतरचा लॉग पुन्हा चालवायचा.

घरगुती संगणकांना ही चैन नव्हती. वेन रॅटलिफ यांनी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करताना लिहिलेला 'व्हल्कन' हा डेटाबेस प्रोग्राम पुढे ॲशटन-टेट कंपनीने 'डीबेस टू' या नावाने बाजारात आणला; 1984 मध्ये 'डीबेस थ्री' आला. त्याच्या डीबीएफ फाइलला लॉग नव्हता. सुरुवातीच्या हेडरमध्ये नोंदींची संख्या, हेडरची लांबी आणि एका नोंदीची लांबी असे, आणि पुढे एकाच मापाच्या नोंदी ओळीने लागत. फाइल नीट बंद होण्याआधी वीज गेली की नव्या नोंदी डिस्कवर पोचलेल्या असत, पण हेडरमधला आकडा जुनाच राही आणि प्रोग्रामला त्या दिसत नसत. नव्वदच्या दशकात डीबेस आणि त्याच जातीचा फॉक्सप्रो महाराष्ट्रातल्या संगणकवर्गांत सर्रास शिकवले जात, आणि वीज जाणेही तितकेच सर्रास होते.

या फाइलची दुरुस्ती म्हणजे शाळकरी गणित. दहा रकान्यांच्या फाइलचे हेडर 353 बाइटांचे. नोंद 100 बाइटांची आणि फाइल 1,00,354 बाइटांची असेल, तर हेडर आणि शेवटच्या खुणेचा एक बाइट वजा करून उरलेल्याला 100 ने भागायचे. उत्तर 1,000. ते हेडरमध्ये लिहिले की हरवलेल्या नोंदी पुन्हा दिसू लागत. पुसलेली नोंदही लगेच जात नसे. तिच्या पहिल्या बाइटात फक्त फुली पडे, आणि पुसलेल्या नोंदी कायमच्या काढणारी 'पॅक' ही आज्ञा चालवेपर्यंत 'रिकॉल' म्हटले की ती परत येई. फाइलची रचना इतकी साधी ठेवल्याचा हा फायदा नंतरच्या गुंतागुंतीच्या डेटाबेसना कधीच मिळाला नाही.

मोठ्या यंत्रांवर मात्र लॉगचीच वाट पुढे गेली. आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यवहार (एकत्र करायच्या बदलांचा गट) पूर्ण तरी व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये हे तत्त्व लॉगच्या आधारे पक्के केले. सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेल्या 'एरीज' पद्धतीत लॉगच्या तीन फेऱ्या होतात: आधी अपुरे व्यवहार शोधायचे, मग सगळा इतिहास पुन्हा घडवायचा, आणि शेवटी अपुरे व्यवहार मागे घ्यायचे. नंतरच्या अनेक डेटाबेसनी हीच वाट धरली.

पण लॉग वाचवतो तो यंत्र मध्येच बंद पडल्यावर. डिस्कनेच चुकीचे बाइट परत दिले तर त्याचा पत्ता लॉगला लागत नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचे पेज, म्हणजे तो एकदम वाचतो-लिहितो तो तुकडा, 8 किलोबाइटांचे आणि डिस्कचा जुना सेक्टर 512 बाइटांचा; म्हणजे एक पेज लिहायला सोळा सेक्टर, आणि त्यातले निम्मेच लिहून वीज जाऊ शकते. म्हणून 2005 च्या आवृत्तीत प्रत्येक पेजला चेकसम, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जोडण्याची सोय आली. बिघाड कळतो, दुरुस्त मात्र होत नाही. त्याच सर्व्हरच्या तपासणीच्या आज्ञेत 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' हा पर्याय आहे. नावातच डेटा जाऊ शकतो असे कबूल करणारी अशी साधने विरळाच. बिघडलेले पेज साखळीतून काढून टाकून तो उरलेला डेटाबेस सुसंगत करतो, त्यामुळे बॅकअप असताना त्याला हात लावणे शहाणपणाचे नाही.

2019 मध्ये एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या आज्ञासंचात 'रिकव्हर' ही आज्ञा आली. ती फाइलमधली पेजे चाळून मिळतील त्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये भरते. कोणत्या टेबलाची हे न कळलेल्या नोंदी 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या वेगळ्या टेबलात जातात. वापरकर्त्याने मुद्दाम पुसलेल्या नोंदीही अशा झडतीत वर येऊ शकतात, आणि टेबलांमधले नियम मोडलेले असू शकतात. म्हणून निघालेला डेटा मूळ कागदपत्रांशी ताडून पाहण्याचे काम माणसाकडेच राहते.