‘प्रोत्साहन देणे’ : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एका क्रियापदाचा अर्थविस्तार

लाभ पुढे करून एखाद्यास कार्यप्रवृत्त करणे, या अर्थाचे एकपदी क्रियापद प्रमाण मराठीत रूढ नाही. नामास ‘देणे’ वा ‘दाखवणे’ जोडून ते सिद्ध होते. ‘उत्तेजन’ हा शब्द ‘तिज्’ म्हणजे धार लावणे या संस्कृत धातूपासून आला. ‘प्रोत्साहन’ हा ‘सह्’ धातूचा. त्यात बळ देण्याचा भाव आहे, मोबदल्याचा नाही. मोबदल्यासाठी ‘आमिष’ होते. परंतु आमिष दिले जात नाही, दाखवले जाते.

‘प्रोत्साहना’स मोजमाप चिकटले ते शासनव्यवहारात. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून 1964 मध्ये महाराष्ट्र शासनाने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. पुढे हाच शब्द उपनगरांतील जमिनीवर उतरला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने झोपडपट्टी पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अस्तित्वात आले आणि प्रोत्साहनाचे गुणोत्तर ठरले : पुनर्वसनाच्या दर 10 चौरस फुटांमागे विकासकास विक्रीसाठी शहरात 7.5, उपनगरांत 10 आणि धारावीत 13.33 चौरस फूट. भूखंडावर न मावणारे क्षेत्र हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने विकता येई. तो हक्क बेट शहरात वापरण्यास मनाई असल्याने घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीतील खासगी इमारती त्याच्या आधारे उंचावल्या.

येथे व्याकरणाचा प्रश्न ऐतिहासिक ठरतो. या वाक्यातील संप्रदान कोण? प्रोत्साहन ‘दिले’ जाते ते विकासकास. झोपडीधारक ‘पात्र’ वा ‘अपात्र’ असतो. त्याला मिळते ते 225 चौरस फुटांचे (पुढे 269 आणि 300) मोफत घर. वास्तविक 70 टक्के रहिवाशांची संमती ही योजनेची पूर्वअट होती (नंतर ती 51 टक्क्यांवर आली). म्हणजे मन वळवायचे होते ते त्यांचेही. तरीही विकासकास मिळणाऱ्या लाभास नियम ‘प्रोत्साहन’ म्हणतो, आणि संमतीपत्रावर सही मिळावी म्हणून रहिवाशापुढे काही ठेवले गेले, तर बोलीत त्यास ‘आमिष’ म्हणतात. क्रिया एकच, कर्त्याची प्रतिष्ठा शब्द ठरवते.

गुणोत्तराचा दुसरा परिणाम अधिक ठोस आहे. प्रोत्साहन पुनर्वसित क्षेत्राच्या प्रमाणात असल्याने जेवढी घरे अधिक, तेवढा विक्रीयोग्य हिस्सा अधिक. त्यात निव्वळ हेक्टरी किमान 500 सदनिकांची अट होती. पुनर्वसन इमारतींतील दाटीचे, अंधाऱ्या मार्गिकांचे मूळ केवळ विकासकाच्या लोभात शोधणे म्हणूनच अपुरे आहे; ती दाटी प्रोत्साहनाच्या सूत्रातच अनुस्यूत होती.