लोणारचे विवर : एक तळटीप

१. लेखकाने लोणारला येथे ‘विझलेल्या ज्वालामुखीचे मुख’ म्हटले आहे. दख्खनच्या बेसाल्टात बसलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे गोल विवर पाहून जुन्या अभ्यासकांना तसे वाटणे स्वाभाविक होते. पुढे येथे गुरुत्व आणि चुंबकीय सर्वेक्षणे झाली. विवराखाली थिजलेल्या लाव्ह्याचा घट्ट खांब असता, तर गुरुत्वाकर्षण भोवतालापेक्षा किंचित वाढायला हवे होते. प्रत्यक्षात ते घटलेले आढळले, म्हणजे खाली गाळ आणि भेगाळलेला, हलका झालेला खडक आहे. चुंबकत्वही क्षीण भरते. निवताना लाव्ह्यात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा गोठते. तो खडक फुटून तुकडे वेडेवाकडे पडले, की त्या दिशा एकमेकींना छेद देतात. तरीही एवढ्यावर निर्णय देणे मला योग्य वाटत नाही, कारण खचलेली जमीनही गुरुत्वाची अशीच घट दाखवू शकते. खरा पुरावा १९७०च्या दशकाच्या आरंभी घेतलेल्या वेधछिद्रांतून मिळाला. त्यांत मास्केलिनाइट सापडले : प्लॅजिओक्लेज या खनिजाचे, उल्कापातासारख्या प्रचंड आघातानेच होणारे काचरूप. मूळ मजकूर आम्ही बदललेला नाही. — संपा.