इलेक्ट्रॉन शलाका चिकित्सा : वाढीव अंतरावरील मात्रागणन

इलेक्ट्रॉन शलाका ऊतकांत मर्यादित खोलीपर्यंतच शिरते. म्हणून त्वचेच्या व उथळ अर्बुदांच्या चिकित्सेस ती सोयीची ठरली. डॉनल्ड कर्स्ट यांनी १९४० मध्ये बीटाट्रॉन तयार केल्यावर तिचा वैद्यकीय उपयोग दृष्टिपथात आला. पुढे रूढ झालेल्या रेषीय वेगवर्धकांत उद्गम व त्वचा यांतील अंतर सामान्यतः १०० सेंमी. असते, परंतु मानेच्या चिकित्सेत खांदा आड आल्यास शलाकेचा शंकू त्वचेजवळ नेता येत नाही व हे अंतर वाढवावे लागते.

क्ष-किरणांच्या बाबतीत हा प्रश्न व्यस्त वर्ग नियमाने बहुतांशी सुटतो. इलेक्ट्रॉन मात्र प्रकीर्णक पत्र्यात, हवेत व शंकूच्या कडांवर विखुरतात. ते एकाच बिंदूतून निघाल्यासारखे वागत नाहीत. एफ. एम. खान व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये यावर व्यवहार्य तोडगा मांडला. निरनिराळ्या अंतरांवर मात्रा मोजावी आणि व्यस्त वर्ग नियम ज्यायोगे लागू पडेल असे ‘परिणामी अंतर’ काढावे, असा तो होता. कमी ऊर्जा व लहान क्षेत्र असल्यास हे अंतर बरेच कमी भरते. समजा, ते ८० सेंमी. आहे व त्वचा १० सेंमी. दूर गेली, तर मात्रा मूळच्या सु. ७९ टक्के उरते, १०० सेंमी. धरून केलेले गणित सु. ८३ टक्के दाखविते. म्हणजे कागदावर मात्रा पूर्ण दिसते, अर्बुदाला मात्र ती कमी मिळते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकीविज्ञांच्या संघटनेने १९९१ च्या अहवालात या पद्धतीचा समावेश केला. वाढीव अंतरावर शलाकेच्या कडा पसरट होतात, हा दोष मात्र कोणत्याही गुणकाने भरून निघत नाही. तेथे क्षेत्रच मोठे घ्यावे लागते.