तक्त्याच्या तळची ओळ

घाटावर चिखली-मेहकरकडे जा की घाटाखाली मलकापुराकडे, सोयाबीनच्या वाणांचं डावं-उजवं पारावर थेट ठरतं: याच्यापेक्षा त्याला एकरी पोतंभर जास्त उतरलं! बुलढाणा ज्या कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख विद्यापीठात मात्र हा निकाल तक्त्याच्या तळच्या एका ओळीवर लागतो. ‘सी.डी. ५ टक्के’. सी.डी. म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. दोन सरासऱ्यांतला फरक या आकड्याहून मोठा असेल तर एक वाण सरस. नसेल तर दोन्ही ‘ॲट पार’. शेअरबाजारातला हा शब्द कृषी पदवीधरांच्या तोंडी पक्का रुळला आहे.

या ओळीचं मूळ डब्लिनच्या बिअर कारखान्यात सापडतं. थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, हे तिथल्या गॉसेटने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडलं. १९१९ मध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आलेल्या फिशरने ते शेतात उतरवलं. एकच बियाणं चार वाफ्यांत पेरलं तरी उतारा चार तऱ्हेचा येतो. कुठे काळी खोल जमीन, कुठे मुरूम. ही जमिनीची चलबिचल मोजायची, ती दुप्पट करायची (डळमळणाऱ्या सरासऱ्या दोन ना!), पुनरावृत्त्यांच्या (एकेक वाण किती वाफ्यांत पेरला, त्या) संख्येने भागायची, वर्गमूळ काढायचं आणि त्याला स्टुडंटच्या ‘टी’ने गुणायचं. झाली सी.डी.

आपल्याकडे ती घरोघर नेली दोन मराठी माणसांनी. साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनला शिकून आलेले, वि. गो. पानसे इंदूरच्या कापूस संशोधनातले. १९५४ साली निघालेलं त्यांचं पुस्तक ‘पानसे-सुखात्मे’ एवढ्याच नावाने ओळखलं जातं. प्रबंधात त्याचा उल्लेख नसला तरच नवल.

घोळ होतो तो वाचताना. समजा, तीन वाणांचा हेक्टरी उतारा २४.६, २२.९ आणि २१.५ क्विंटल, सी.डी. २.१. पहिला दुसऱ्याच्या बरोबरीचा, दुसरा तिसऱ्याच्या; पहिला मात्र तिसऱ्याहून सरस! गणित चुकलेलं नाही. ‘ॲट पार’चा अर्थ ‘समान’ नाहीच. फरक असला तरी या प्रयोगाला तो दिसला नाही, एवढाच. पुनरावृत्त्या तीनच ठेवल्या तर सी.डी. फुगते आणि बरेच वाण एका पंगतीला बसतात.

उलटी चूकही होते. दहा वाण असले की जोड्या ४५. सगळे खरोखर सारखे असले तरी ५ टक्क्यांच्या हिशेबाने दोनेक जोड्या नुसत्या योगायोगाने ‘सरस’ ठरतील. म्हणून फिशरची अट होती: आधी एकूण एफ-चाचणी (सगळ्या वाणांत मिळून काही फरक दिसतो का, याची) पास, मगच जोड्या. संख्याशास्त्रज्ञ टुकीने १९४९ पासून आणखी कडक मापं सुचवली. तरी तक्त्याच्या तळाशी अजून बहुतेकदा सी.डी.च असते, आणि एफ-चाचणी नापास झाली की सी.डी.च्या जागी दोन अक्षरं: एन.एस., म्हणजे नॉन-सिग्निफिकंट.