मालकाचा टीव्ही, कंपनीची किल्ली

एखादी प्रणाली मुक्तस्रोत झाली की ती चालवणाऱ्या यंत्रात मालकाला हवे ते अ‍ॅप टाकता येणार, असे आपण गृहीत धरतो. वेबओएसच्या बाबतीत घडले ते जवळजवळ उलट. पाम कंपनीने ही प्रणाली जानेवारी २००९ मध्ये जाहीर केली आणि जूनमध्ये ‘पाम प्री’ या फोनमधून ती बाजारात आली. तिचा लिनक्स गाभा खुला होता, पण वरचे बरेचसे काम पामच्या मालकीचे. तरीही डेव्हलपर मोडसाठी, म्हणजे दुकानाबाहेरची अ‍ॅप टाकू देणाऱ्या सोयीसाठी, कुणाची परवानगी लागत नसे. ‘अप अप डाउन डाउन लेफ्ट राइट लेफ्ट राइट बी ए स्टार्ट’ हे शब्द फोनच्या कळफलकावर सलग टाइप केले की त्या मोडचे चिन्ह पडद्यावर येई. कोनामीच्या व्हिडिओ गेममधला हा प्रसिद्ध संकेत खुद्द पामनेच प्रणालीत ठेवला होता. मग संगणकाला केबल जोडून कुणाचेही अ‍ॅप फोनमध्ये टाकता येई. ‘वेबओएस इंटर्नल्स’ या हौशी गटाने तर ‘प्रीवेअर’ हे आपले वेगळे भांडार उभारले. तिथे अ‍ॅपबरोबर प्रणालीची वागणूक बदलणारे पॅचही मिळत.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. २०१० मध्ये एचपीने १२० कोटी डॉलरला पाम विकत घेतली, २०११ मध्ये ‘टचपॅड’ हा टॅबलेट आणला आणि दीड-दोन महिन्यांतच बंद केला. त्यानंतर सोर्स कोड खुला करायचे ठरले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ‘ओपन वेबओएस १.०’ अपाची परवान्याखाली प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये वेबओएस एलजीकडे गेली, २०१४ मध्ये टीव्हीत आली. मार्च २०१८ मध्ये एलजीने तिची खुली आवृत्तीही काढली. ती रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चढवा, अ‍ॅपची आयपीके फाइल बनवा, एका आज्ञेसरशी अ‍ॅप आत. खाते नको, मुदत नको. दिवाणखान्यातल्या टीव्हीत मात्र तशीच आयपीके फाइल टाकायची तर एलजीकडे डेव्हलपर म्हणून नाव नोंदवा, कंपनीच्या दुकानातून डेव्हलपर मोडचे अ‍ॅप घ्या, लॉगिन करा. एवढे करून परवानगी मिळे ५० तासांची. पुढे ती १००० तासांपर्यंत वाढली, पण मुदत वाढवून घेतली नाही तर टाकलेले अ‍ॅप टीव्हीतून काढून टाकले जाते.

कोड वाचण्याचा हक्क आणि यंत्रावर तो चालवण्याचा हक्क वेगळे असतात, म्हणून हे शक्य होते. अमेरिकेतल्या टिवो रेकॉर्डरने ते आधीच दाखवले होते. त्याचा लिनक्स कोड मिळे, पण बदललेला कोड ते यंत्र चालवत नसे, कारण त्यावर कंपनीची डिजिटल सही नसे. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली येते त्याच्या जून २००७ मधल्या तिसऱ्या आवृत्तीने यावर उपाय काढला: घरगुती उपकरणात या आवृत्तीखालचा कोड घातला तर बदललेली आवृत्ती चढवण्यासाठी लागणारी माहिती आणि किल्लीही द्यायची. लिनक्स मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले आणि अपाची परवान्यात अशी अट नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप खरा आहे. टीव्ही घरच्या नेटवर्कवर असतो, काहींना मायक्रोफोन असतो, आणि अनोळखी अ‍ॅप घातक ठरू शकते. पण पामने धोका नाकारला नव्हता. फोन बिघडलाच तर तो मूळ स्थितीत आणणारे ‘वेबओएस डॉक्टर’ हे साधन तिनेच दिले होते. उलट दार बंद ठेवल्याने लोक पळवाटा शोधतात. २०२१ मध्ये टीव्हीच्या ब्राउझरमध्ये एक पान उघडून पूर्ण ताबा मिळवण्याची युक्ती निघाली, आणि एलजीने फर्मवेअर बदलून ती बुजवली. त्यामुळे आपल्या टीव्हीवर ताबा हवा असणारे लोक सुरक्षिततेचे अपडेटच टाळू लागतात, आणि हे कुणाच्याच हिताचे नाही. चित्रपट कंपन्यांच्या कॉपी-संरक्षणाचा मुद्दाही सांगितला जातो. पण त्या संरक्षणाच्या किल्ल्या चिपच्या वेगळ्या, सुरक्षित भागात ठेवता येतात, त्यासाठी सगळा टीव्ही कुलपात घालावा लागत नाही. ‘सामान्य प्रेक्षकाला हे कशाला हवे?’ या प्रश्नाचे उत्तर जुने टीव्ही देतात. डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद पडले. पडदे मात्र धडधाकट होते; दुसरे अ‍ॅप टाकायला मालकाकडे किल्ली नव्हती. निदान कंपनी ज्या दिवशी अपडेट थांबवते, त्या दिवशी तरी किल्ली मालकाला देण्याचे बंधन कायद्याने घालायला हवे.